आंबटाआडची साखर: अन्नतंत्रज्ञांना एक खुले पत्र

पाकीटबंद पेये, सरबते, जॅम आणि आंबटगोड गोळ्यांच्या चवी आखणाऱ्या तमाम अन्नतंत्रज्ञांस,



आपल्यापैकी कुणी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकले असतील, कुणी परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात, कुणी दापोलीच्या कृषी विद्यापीठात, तर कुणी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. ग्राहकाची तक्रार सहसा आपल्यापर्यंत येत नाही. ती कंपनीच्या ग्राहक-कक्षाकडे जाते, फार तर अन्न व औषध प्रशासनाकडे जाते आणि तिथेच मुरते. हे पत्र मुद्दाम आपल्या नावाने लिहिले आहे. मालकाला विक्रीचे आकडे कळतात. जाहिरातवाल्याला आंब्याच्या फोडीवर दवबिंदू कसे काढायचे ते कळते. पण बाटलीत साखर नेमकी किती आणि पिणाऱ्याच्या जिभेला ती का जाणवत नाही, याचे उत्तर त्या इमारतीत फक्त आपल्याकडे असते.

हे उत्तर शोधायला प्रयोगशाळाही लागत नाही. ग्लासभर पाण्यात पाच-सहा सपाट चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम साखर विरघळवून प्यायला दिली, तर दुसऱ्या घोटाला माणूस ग्लास खाली ठेवतो. नुसते गोडमिट्ट पाणी घशाखाली उतरत नाही. त्याच ग्लासात अर्धे लिंबू पिळले, चिमूटभर मीठ आणि दोन खडे बर्फ टाकले, की तेच पाणी सरबत होते आणि पाहुणा आणखी अर्धा ग्लास मागतो. साखर एका कणानेही कमी झालेली नसते. आंबट गोडाला दाबते, गोड आंबटाला दाबते आणि गारवा गोडाची धार बोथट करतो. घरात ही करामत उघड्यावर चालते. डब्यातून साखरेचे चमचे किती निघाले ते करणाऱ्याला दिसते आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही दिसते. कारखान्यात ते कुणालाच दिसत नाहीत.

तिथे लिंबाची जागा सायट्रिक ॲसिड घेते. लेबलावर त्याची ओळख ‘ॲसिडिटी रेग्युलेटर (३३०)’ एवढीच असते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे, चिवड्यात पिठीसाखरेबरोबर पडणारे आणि खमणाच्या पिठात जाणारे पांढरे दाणे म्हणजे हेच.

तक्रार सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ३३० हे काही विष नाही. १९७६च्या सुमारास फ्रान्समध्ये एक पत्रक हातोहात फिरू लागले. त्यात खाद्यपदार्थांतल्या ‘घातक’ रसायनांची यादी होती आणि सायट्रिक ॲसिड तिच्यात अगदी वरच्या जागी होते. पॅरिसजवळच्या व्हिलझ्विफ इथल्या रुग्णालयाचा हवाला दिलेला होता. त्या पत्रकाशी आपला संबंध नाही, असे रुग्णालयाने सांगूनही ते वर्षानुवर्षे युरोपभर फिरत राहिले. व्हॉट्सॲप यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वस्तुतः सायट्रिक ॲसिड आपल्या शरीरात रोज तयार होते. अन्नातून ऊर्जा काढणारे, हान्स क्रेब्स यांनी १९३७मध्ये मांडलेले चक्र त्याच्याच नावाने ओळखले जाते. तेव्हा ‘केमिकल आहे’ अशी हाकाटी पिटण्यासाठी हे पत्र नाही.

उलट या पदार्थाचा इतिहास आपल्या व्यवसायाने अभिमान बाळगावा असा आहे. स्वीडनच्या कार्ल शीले यांनी १७८४मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. पुढे बरीच वर्षे जगाला ते मुख्यतः इटलीच्या लिंबांतून मिळत होते. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा विस्कळीत झाला. १९१७मध्ये अमेरिकेत जेम्स करी यांनी दाखवून दिले, की ॲस्परजिलस नायगर ही काळी बुरशी साखरेवर वाढवली तर ती भरपूर सायट्रिक ॲसिड बनवते. दोनच वर्षांत फायझर कंपनीने ब्रुकलिनमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. ही बुरशी नाशिक-लासलगावकडच्या शेतकऱ्याला वेगळी दाखवावी लागणार नाही. चाळीतल्या कांद्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी धरते ती हीच. आज जगातले बहुतेक सायट्रिक ॲसिड तिच्याकडूनच येते. त्यासाठी तिला खाऊ घालतात उसाची किंवा बिटाची मळी, नाहीतर मक्याच्या स्टार्चपासून काढलेले ग्लुकोज. म्हणजे साखर बुरशीला चारून आंबट काढायचे आणि ते आंबट पुन्हा साखर झाकायला वापरायचे!

आता पहिली तक्रार, आणि तीच सर्वांत मोठी.

आंब्याच्या पेयाचे पाठ्यपुस्तकातले सूत्र आपल्याला तोंडपाठ असेल. तयार पेयात फळाचा अंश किमान १० टक्के, विद्राव्य घन पदार्थ १२ ते १५ टक्के, म्हणजे तितके ब्रिक्स, आणि आम्लता ०.३ टक्क्यांच्या आसपास. शंभर किलोची बॅच धरू. आंब्याचा गर १० किलो. त्याची स्वतःची गोडी १५ ब्रिक्स धरली, तर त्यातून दीड किलो साखर येते. पेय १३ ब्रिक्सवर न्यायचे तर वरून साडेअकरा किलो साखर ओतावी लागते. गराची आम्लता अर्धा टक्का धरली तर त्यातून जेमतेम ५० ग्रॅम आंबट मिळते. उरलेले २५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पोत्यातून येते. बाकी सगळे पाणी, रंग आणि वास. आंब्याचे म्हणून विकल्या जाणाऱ्या या पेयात साखर आंब्यापेक्षा दीड किलोने जास्त आहे! २०० मिलिलिटरच्या खोक्यात ही वरची साखर सुमारे २४ ग्रॅम होते. त्या पाव किलो आंबटाची किंमत साखरेच्या मानाने किरकोळ, पण ते नसते तर बॅच कुणी प्यायलेच नसते. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहून आणि आम्लता मोजून या दोन आकड्यांचे गुणोत्तर साधणे, हेच तर आपले कसब. गाऱ्हाणे त्या कसबाबद्दल नाही. त्यातला एकच आकडा लेबलावर येतो आणि दुसरा कधीच येत नाही, हे गाऱ्हाणे आहे.

साखरेचा आकडा मागच्या बाजूला मिळतो. २०२०च्या लेबल-नियमांनी एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, दोन्ही छापणे बंधनकारक केले, हे मान्य. पण तो आकडा सहसा १०० मिलिलिटरचा असतो, खोका १६० किंवा २०० मिलिलिटरचा, बाटली ६०० मिलिलिटरची. शाळेतल्या पोराने हा गुणाकार मधल्या सुट्टीत करावा, अशी अपेक्षा असावी. शिवाय साखर एका नावाने येत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट अशी तिची तुकड्या-तुकड्यांनी हजेरी लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते, म्हणून तुकडे केले की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो. हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

दुसरी तक्रार कोकमाची. ती थोडी घरगुती आहे.

अमृत कोकम करायची कोकणातली रीत साधी आहे. ताज्या रातांब्याची साल आणि साखर बरणीत थरावर थर लावून भरायची, बरणी उन्हात ठेवायची आणि सुटलेला लालजांभळा रस गाळून घ्यायचा. रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड भरपूर असते, आंबटपणात तिला कुणाची मदत लागू नये. तरीही एखादी बाटली उलटी करून पाहिली, तर साखर, पाणी, कोकम अर्क यांच्यानंतर ३३० उभा दिसतो. त्याचे कारण सरळ असू शकते. दर हंगामाला, दर वाडीला रातांब्याचा आंबटपणा बदलतो आणि चव एकसारखी ठेवायला थोडी भर घालावी लागते. कारण वेगळेही असू शकते. कोकम महाग पडते, सायट्रिक ॲसिड स्वस्त, म्हणून साल कमी करून आंबट बाहेरून भरून काढले जाते. लेबल वाचणाऱ्याला यातले कोणते खरे हे कळायला मार्गच नाही, कारण किती घातले ते लिहिलेले नसते. फरसाणच्या दुकानातल्या काउंटरवर दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी, एकाच लाल रंगात उभ्या असतात. प्रामाणिक उत्पादकाचे यात सर्वांत जास्त नुकसान होते.

त्यात सरबताच्या सिरपचा हिशेब आणखी फसवा. मानकांप्रमाणे फळांच्या सिरपमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के आणि विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के हवेत. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखर. असे ३० मिलिलिटर सिरप तोलले तर चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यात साखर सुमारे २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत अशी मोकळी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांखाली आणा, असे सांगितले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. सिरपचे ते तीस मिलिलिटर ग्लासाच्या बुडाशी दोन बोटेही भरत नाहीत. पित्तावर चांगले म्हणून आजोबांना दुपारी आणि संध्याकाळी दिलेल्या दोन ग्लासांत दिवसाची साखर दुपटीने होते. सकाळचा चहा त्यात धरलेलाच नाही.

तिसरी तक्रार दाव्यांची. इथे बरेचसे काम भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने उशिरा का होईना केले आहे. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळून बनवलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा जून २०२४मध्ये प्राधिकरणाने काढायला लावला. किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली तर तो रस गोड केलेला आहे, असे छापावे लागते, याचीही आठवण तेव्हा करून देण्यात आली. ऑक्टोबर २०२५मध्ये जलसंजीवनीचे सूत्र न पाळणाऱ्या पेयांना ‘ओआरएस’ ही अक्षरे नावात वापरायची बंदी झाली. त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता.

या ओआरएस प्रकरणापाशी थोडे थांबायला हवे, कारण साखर आणि सायट्रिक ॲसिड ही जोडी तिथे शहाण्यासारखी वागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. सायट्रेट हा सायट्रिक ॲसिडचाच क्षार, जुलाबाने रक्तात वाढलेली आम्लता तो आवरतो. ग्लुकोज आतड्यातून मिठाला आणि मिठामागोमाग पाण्याला आत खेचते. ग्लुकोजचे माप वाढले तर उलट घडते, पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणून तो १३.५ हा आकडा इतका कसोशीने ठरवलेला आहे. बाजारात त्या नावाने विकल्या गेलेल्या गोड पेयांत साखर याच्या कित्येक पट होती. जुलाबाने कोमेजलेल्या लेकरासाठी औषधाच्या दुकानातून ती घरी नेली जात होती. नाव देणारे मार्केटिंगचे लोक असतील. पण सूत्र कागदावर उतरवणाऱ्याने ही दोन मापे शेजारी-शेजारी पाहिलीच असणार! तेव्हा आपल्यातले किती जण बोलले?

‘प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले नाही’ या ओळीबद्दल फार लिहायला नको. जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के ठेवायचे, वर आम्लता वाढवून पीएच ४.६च्या बराच खाली आणायचा, की जंतूंना तिथे जगणे मुश्कील होते. साखर आणि आंबट हेच तिथले राखणदार. ओळ खोटी नाही, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल.

दातांचा मुद्दा मात्र लेबलावर कुठेच नसतो. दाताचे वरचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. बाजारातली बहुतेक आंबटगोड पेये २.५ ते ३.५च्या दरम्यान असतात. सायट्रिक ॲसिडची आणखी एक खोड म्हणजे ते कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे कवचाची झीज नुसत्या आम्लतेने होते त्याहून वाढू शकते. साखर दातांवरच्या जंतूंना खाद्य पुरवते आणि ते जंतू आपले वेगळे आम्ल बनवतात. लाळेला हे सारे निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर पोराने बाटलीचा आणखी एक घोट घेतलेला असतो. त्यात ती नवी टूम, बाहेरून साखर आणि सायट्रिक ॲसिडचे खडबडीत दाणे लावलेली गोळी. तोंड वाकडे झाले की मित्र हसतात, म्हणून ती जिभेवर जास्तीत जास्त वेळ ठेवायची पैज लागते. ही गोळी कुणीतरी ठरवून अशी बनवली आहे, आणि बनवणाऱ्याला दंतवैद्य काय म्हणेल ते ठाऊक आहे.

आता विनंत्या. त्या अवघड नाहीत, आपल्या हातातल्या आहेत.

लेबलावर साखरेच्या शेजारी आम्लतेचा आकडाही द्यावा. आपल्या गुणवत्ता-नोंदवहीत प्रत्येक बॅचपुढे तो लिहिलेला असतोच, तेवढा पाकिटावर आणायचा. आख्ख्या खोक्यात, आख्ख्या बाटलीत आणि सिरप असेल तर तयार ग्लासात साखर किती, हे पुढच्या बाजूला चहाच्या चमच्यांत सांगावे. कोकमाच्या बाटलीवर कोकमाचा टक्का, आंब्याच्या खोक्यावर आंब्याचा टक्का, चित्राच्या आसपास, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. घटकांची यादी मराठीतही छापली तर पाप लागणार नाही.

खरी मागणी मात्र सूत्र बदलण्याची आहे. वरच्याच बॅचमध्ये गर १० ऐवजी २० किलो घालून पाहावा आणि पेय १३ ऐवजी १० ब्रिक्सवर थांबवावे. गरातून तीन किलो साखर येईल, वरून सात किलो पुरेल. ब्रिक्स-आम्लतेचे गुणोत्तर तेच ठेवले तर आम्लता ०.२३ टक्क्यांवर येते. त्यातले १०० ग्रॅम आंबट गरातूनच मिळते, पोत्यातले सायट्रिक ॲसिड २५० ग्रॅमवरून १३० ग्रॅमवर उतरते. आंबा दुप्पट, वरची साखर जवळजवळ चाळीस टक्के कमी, आंबटगोडाचा तोल जागच्या जागी. खर्च वाढेल, कारण गर साखरेहून महाग. पण फळांच्या गराच्या पेयांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तर साखर घातलेली सोडायुक्त पेये ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली. सरकारने फळाच्या नावावर सवलत दिली असेल, तर तिचा थोडा वाटा फळावर खर्च व्हायला हरकत नसावी.

१० ब्रिक्सच्या खाली जायचे म्हटले, तर आडवे येते आपलेच मानक. २०११च्या नियमांत तयार फळपेयासाठी विद्राव्य घन पदार्थ किमान १० टक्के ठेवले आहेत. फळाच्या नावाने नुसते पाणी विकले जाऊ नये म्हणून हा आकडा आला असेल, पण आज तो कमी साखरेचे पेय करू पाहणाऱ्याच्या पायात येतो. ही किमान पातळी साखरेऐवजी फळाच्या टक्क्यावर बांधता येईल. प्राधिकरणाच्या वैज्ञानिक पॅनेलांवर आपल्याच क्षेत्रातले प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ बसतात, त्यांच्यापर्यंत हे आपल्यालाच नेता येईल. ब्रिटनने २०१८पासून शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या पेयांवर कर लावला. तिथल्या कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच एकामागून एक सूत्रे बदलली. कृत्रिम गोडीही त्यात आली, हे खरे, पण सूत्र बदलतच नाही ही सबब तिथे टिकली नाही. ते काम केले आपल्याच व्यवसायबंधूंनी.

म्हणून शेवटची विनंती. आपल्याकडे पुढची चाचणी-बॅच लागेल तेव्हा तिच्यासोबत एक जादा नमुना दुप्पट गराचा आणि १० ब्रिक्सचा लावावा, आंबट त्याच प्रमाणात उतरवून. तो चव-पॅनेलसमोर इतर नमुन्यांत मिसळून, नुसता क्रमांक टाकून ठेवावा. जो निकाल येईल तो, आकड्यांसकट आणि आपल्या सहीनिशी, मालकाच्या टेबलावर जाऊ द्यावा.



आपला,
बाटली उलटी करून वाचणारा एक ग्राहक